साडेतीन वर्षांच्या मुलाच्या रक्तात २८ मायक्रोग्रॅम शिसे: हे कुठून आले असेल?

अंगणातली जाई

नमस्कार. प्रश्न थोडा लांबेल, पण अर्धवट माहिती देऊन सल्ला मागण्यात अर्थ नाही, म्हणून सगळे सविस्तर लिहिते.

आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकत्र कुटुंबात राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघे, धाकटे दीर, जाऊबाई आणि आमचा साडेतीन वर्षांचा मुलगा असे घर आहे. गेले सात-आठ महिने मुलाचे काहीतरी बिनसले आहे हे दिसत होते, पण काय ते हाती लागत नव्हते. पोट दुखते म्हणून तो रडत बसतो, तीन-तीन दिवस शौचाला होत नाही, आधी भराभर बोलणारे पोर आता शब्द शोधत थांबते, आणि मागच्या भिंतीच्या चुन्याचे पोपडे नखाने खरवडून खाताना मी त्याला कितीतरी वेळा पकडले आहे. जंत असतील म्हणून जंताचे औषध दिले. हिमोग्लोबिन ८.२ आले म्हणून लोहाचे औषध तीन महिने नेमाने दिले, तरी ते ८.६ च्या वर गेले नाही.

शेवटी एका नव्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी औषधांची चौकशी करण्याआधी घरात कोण काय काम करते हे विचारले. धाकटे दीर घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये इन्व्हर्टरच्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करतात, जुन्या बॅटऱ्या फोडून आतले शिसे वितळवतात, हे सांगितल्यावर त्यांनी लगेच रक्तातल्या शिशाची तपासणी लिहून दिली. शिरेतून काढलेल्या रक्ताचा अहवाल काल आला: २८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर.

आता घरात प्रत्येकाचे मत वेगळे आहे. दीर म्हणतात की मी चौदा वर्षे हेच काम करतो, मला काही झाले नाही, मग त्याला कसे होईल? सासूबाईंना पितळेच्या पातेल्यांचा संशय आहे, यांना हळदीचा, कारण भेसळीच्या बातम्या त्यांनी वाचल्या आहेत. एका नातेवाइकांनी शरीरातील विष बाहेर काढणारे म्हणून एक भस्म आणून दिले आहे, ते मी अजून उघडलेले नाही. शिसे नेमके कुठून आले हे कसे शोधायचे, त्याला कोणते औषध द्यावे लागेल, आणि तो पूर्वीसारखा होईल का, एवढेच मला विचारायचे आहे. रात्री झोप लागत नाही.

बालवैद्य

ताई, प्रथम एक सांगतो. ज्या डॉक्टरांनी घरातल्या कामाची चौकशी केली त्यांचा हात सोडू नका, कारण लोहाच्या औषधाने न सुधारणाऱ्या पंडुरोगामागे, म्हणजे रक्तक्षयामागे, शिसे असू शकते हा विचार आपल्याकडे फार थोड्यांच्या मनात येतो. मी बत्तीस वर्षे मुलांवर उपचार करतो आहे आणि पहिल्या दहा वर्षांत माझ्याही मनात तो येत नसे. तेव्हा माझ्या हातून अशी किती मुले निसटली असतील, याची टोचणी आजही आहे.

२८ या आकड्याचा अर्थ असा. अमेरिकेत ज्या पातळीपासून मुलाकडे लक्ष द्यावे असे मानतात, ती १९९१ मध्ये १० होती, २०१२ मध्ये ५ झाली आणि २०२१ मध्ये ३.५ वर आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ किंवा त्याहून अधिक शिसे आढळले की त्याचा उगम शोधून तो बंद केलाच पाहिजे. यातला कोणताही आकडा 'इथपर्यंत चालेल' अशी हद्द नाही, कारण निर्धोक म्हणता येईल अशी शिशाची पातळी आजवर कोणालाच सापडलेली नाही. तेव्हा २८ ही गंभीर बाब आहे, मात्र आज रात्रीच रुग्णालयात भरती करावे अशी आणीबाणी नाही. मुलाला सतत उलट्या होऊ लागल्या, तो सुस्त पडू लागला, चालताना तोल जाऊ लागला किंवा झटका आला, तर मात्र एक क्षणही न दवडता मोठे रुग्णालय गाठा.

औषधाबद्दल विचारलेत. शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत, पण ती मुलांना साधारणपणे ४५ किंवा त्याहून वरच्या पातळीला, रुग्णालयाच्या देखरेखीखाली देतात. त्याहून कमी पातळीला ती का देत नाहीत, हे घरातल्या सर्वांना समजायला हवे. अमेरिकेत २० ते ४४ या दरम्यान शिसे असलेल्या ७८० लहान मुलांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाने रक्तातले शिसे काही काळ उतरले, पण मुलांच्या बुद्धीत आणि वागण्यात काहीही फरक पडला नाही. म्हणजे तुमच्या मुलाच्या बाबतीत खरा उपचार बाटलीत नाही, शिसे त्याच्या तोंडापर्यंत ज्या वाटेने पोहोचते ती वाट बंद करण्यात आहे. ती वाट उघडी ठेवून औषध दिले तर आज उतरलेले शिसे महिन्याभरात पुन्हा चढते.

दिरांना काही होत नाही आणि मुलाला होते, याचेही कारण आहे. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मूल चार-पाच पट अधिक शोषून घेते. त्यातून शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडी शिसे आणखीच ओढून घेतात, कारण ज्या दाराने लोह आत जाते त्याच दाराने शिसेही शिरते. आत गेलेले शिसे रक्तातला तांबडा घटक तयार करणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) अडवते, म्हणून लोह देऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही. पोटातली कळ आणि बद्धकोष्ठही त्याचीच खूण आहे. मेंदू घडत असतानाच्या वर्षांत ते मेंदूत पोहोचते ही सर्वांत वाईट गोष्ट, आणि मोठ्या माणसाचा मेंदू त्या काळातून पार पडलेला असतो. तरी दिरांना खरोखर काही झालेले नाही हे मी तपासणीशिवाय मानणार नाही. रक्तदाब, मूत्रपिंडे, सांधेदुखी, मनगटातली ताकद, वीर्याची प्रत, या सगळ्यांवर शिसे वर्षानुवर्षे गुपचूप काम करत असते.

आता करायच्या गोष्टी. मुलाने पोपडे खाल्ले आहेत, म्हणून डॉक्टरांना पोटाचा एक्स-रे काढण्याविषयी विचारा. आतड्यात शिशाचे कण असतील तर ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि मग पोट साफ करणे हाच पहिला उपचार ठरतो. रक्त महिन्याच्या आत पुन्हा तपासा. लोहाचे औषध सुरू ठेवा, दूध, नाचणी आणि लिंबू-आवळा आहारात असू द्या, आणि मुलाला उपाशीपोटी फार वेळ ठेवू नका, कारण रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते.

प्रयोगशाळेतला

मी अन्न आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे काम करून निवृत्त झालो. डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू सांगितली आहे, मी फक्त उगमाबद्दल लिहितो.

हळदीपासून सुरुवात करतो, कारण सांगलीच्या माणसाला हळदीवर आळ घेतलेला सहन होणे कठीण, आणि तरीही हा संशय अगदीच निराधार नाही. हळकुंडे पिंपात घालून घोटतात तेव्हा फिकट, कीड लागलेल्या मालाला झळाळी यावी म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट हा पिवळा रंग चढवतात. त्यात शिसे असते आणि क्रोमियमही असते. बांगलादेशात हे फार पसरले होते. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले होते, पण छापे, दंड आणि लोकशिक्षण यांमुळे २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले. मनावर घेतले तर दोन वर्षांत केवढे होते, याचे इतके चांगले उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही. २०२०-२१ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका येथील २३ शहरांतून हळद गोळा करून तपासली गेली, तेव्हा पाटण्यासारख्या काही ठिकाणचे नमुने भयंकर निघाले, पण बहुतेक नमुने स्वच्छ होते. आपल्याकडे हळदीत शिशाची कायदेशीर मर्यादा दर किलोला १० मिलीग्रॅम आहे. तुमची हळद बाजारातली आहे की घरची, हे कळवा. घरच्या शेतातली, घरीच शिजवून वाळवलेली आणि ओळखीच्या गिरणीत दळलेली असेल, तर तिला यादीत शेवटचे स्थान द्या.

पितळेच्या पातेल्यांचे उत्तर कल्हईवाल्याच्या हातात आहे. कल्हई ही कथिलाची असते. नवसागर टाकून तापलेल्या भांड्यावर कथिलाची कांडी फिरवली की ते चकाकते. शुद्ध कथील असेल तर कल्हईत भीती नाही. पण कथील महाग आहे आणि शिसे स्वस्त, म्हणून कांडीत शिसे मिसळलेले असू शकते, आणि ते डोळ्यांना कळत नाही. आमटी, ताक, चिंचेचे सार असे आंबट पदार्थ अशा भांड्यात शिजले किंवा मुरले की शिसे त्यात उतरते. सासूबाईंना दुखवायची गरज नाही. नमुना तपासून होईपर्यंत आंबट पदार्थ स्टीलमध्ये करावेत, एवढेच म्हणावे.

रंगांचे म्हणाल तर आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचा दारे-खिडक्यांचा पिवळा, नारिंगी किंवा हिरवा ऑइलपेंट सोलवटत असेल तर तो संशयित समजावा. पण ताई, तुम्ही चुन्याचे पोपडे म्हणालात, आणि चुन्यात शिसे नसते. मग ती भिंत कोणती, हा माझा प्रश्न आहे. शेडला लागून असलेलीच ना?

शेडबद्दल एक हिशेब मांडतो. जुन्या बॅटऱ्या फोडल्या जातात तिथल्या धुळीत शंभरात एक भाग शिसे असणे मुळीच अशक्य नाही. अशी फक्त १० मिलीग्रॅम धूळ, म्हणजे बोटाच्या टोकाला सहज चिकटेल एवढीच, मुलाच्या तोंडात गेली तर तिच्यातून १०० मायक्रोग्रॅम शिसे जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलाच्या दिवसभराच्या आहारातून येणाऱ्या शिशासाठी धरलेला आकडा २.२ मायक्रोग्रॅम आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की हळद आणि पातेले यांच्यामागे आधी धावण्यात वेळ का घालवू नये ते कळेल.

बंदरावरचा

हे उत्तर मी ताईंच्या दिरांसाठी लिहितो आहे. त्यांना कृपया वाचून दाखवावे.

दादा, मी मूळचा रत्नागिरीकडचा. आमच्या घरी वडील जाळ्याला लावायची शिशाची वजने चुलीवर ओतत. शिसे ३२७ अंशांना वितळते, त्यामुळे त्याला कारखाना लागत नाही, आईची चूल आणि लोखंडी पळी पुरते. पुढे मी मुंबईच्या उपनगरात एका बॅटरीच्या दुकानात कामाला लागलो आणि तिथे अकरा वर्षे काढली. खोके हातोडीने फोडायचे, ॲसिड गटारात ओतायचे, प्लेटा पत्र्यावर वाळवायच्या आणि मग कढईत वितळवून वरची मळी पळीने काढून बाजूला झाडायची. काम करताना ओठांवर एक गोडसर चव येई. त्याच हातांनी आम्ही बिडी पेटवायचो आणि डबा उघडायचो. तुम्ही आज जे म्हणता तेच मी म्हणत होतो, की मला काही होत नाही.

सहाव्या-सातव्या वर्षी पोटात अशी कळ येऊ लागली की मी जमिनीवर गडबडा लोळायचो. एका दवाखान्यात आतड्याचा विकार म्हणून, दुसऱ्यात पित्त म्हणून औषधे दिली. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझा ओठ खाली ओढला, हिरड्यांवर दातांच्या कडेने गेलेली निळसर रेघ बोटाने दाखवली आणि तुम्ही शिशाचे काम करता का, असे विचारले. माझ्या रक्तात ७१ निघाले. मला स्वतःसाठी काही वाटले नाही, पण त्यांनी घरच्यांची तपासणी करायला लावली तेव्हा दुकानाचे तोंडही न पाहिलेल्या माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या रक्तात १९ निघाले. दुकान घरापासून दोन स्टेशने लांब होते, तरीही. माझा शर्ट-पँट तिच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजायचा, आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकताच ती पळत येऊन माझ्या गळ्यात पडायची. मी तिच्यासाठी शिसे रोज अंगावरून घरी नेत होतो. तुमची शेड तर घराला चिकटलेली आहे.

पोटापाण्याचा प्रश्न आहे हे मला कोणी सांगायला नको. पण बॅटऱ्या विकणे, चार्ज करणे, पाणी आणि टर्मिनल पाहणे, यात शिसे उडत नाही. शिसे उडते ते फोडण्यात आणि वितळवण्यात. जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घ्यावी आणि नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पाठवावी, हा नियम आपल्या देशात २००१ पासून आहे, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी ती जबाबदारी कंपन्यांवर आणखी घट्ट टाकली आहे. बॅटरी न फोडता आख्खी दिली तरी तिची किंमत मिळते. मी पुढची सहा वर्षे तसाच धंदा केला आणि घर चालले. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या एका वस्तीत बॅटऱ्यांमधले शिसे अंगणातल्या मातीतून चाळून काढण्याचे काम चाले. तिथे २००७-०८ च्या काही महिन्यांत १८ मुले दगावली. त्या मुलांच्या आया हीच माती चाळत होत्या, पोट भरण्यासाठी. हे वाचल्यापासून मी कोणाच्याही शेडपाशी गप्प बसत नाही.

वैद्य गोदाकाठ

त्या भस्माविषयी मी लिहिले पाहिजे, कारण मी आयुर्वेदाचा वैद्य आहे आणि माझ्या शास्त्राच्या नावावर हे घरात आले आहे. ताई, ते देऊ नका. त्यात काय आहे हे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेले नसेल तर मुळीच नको, आणि लिहिलेले असेल तरी या मुलाला नको.

रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या धातू-खनिजांपासून औषधे करण्याच्या शाखेत, शिशाला 'नाग' म्हणतात आणि त्याचे नागभस्म करतात. शोधन (शुद्धी) आणि मारण (जाळून भस्म करणे) यथासांग झाले की धातूचा दोष जातो अशी परंपरेची श्रद्धा आहे, आणि मी त्या परंपरेत शिकलो आहे. पण ज्या मुलाच्या रक्तात आधीच शिसे आहे त्याला कोणतेही धातुयुक्त औषध देण्याचा आधार मला कोणत्याही ग्रंथातून मिळत नाही आणि कोणत्याही प्रयोगशाळेतूनही मिळत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या सुमारे एकपंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले, आणि धातू-खनिजांच्या रसौषधींत हे प्रमाण वनस्पतिज औषधांच्या दुपटीहून अधिक होते. पुढे न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तातल्या शिशाचा माग अशाच औषधांपर्यंत पोहोचला. आमच्यातल्या काहींनी तेव्हा याला बदनामी म्हटले. मला ती आमच्या व्यवसायाने आधीच करायला हवी असलेली तपासणी वाटली, आणि आजही वाटते.

घरातली आणखी एक वस्तू पाहा. देव्हाऱ्यात किंवा पारावरच्या मारुतीसाठी आणलेला शेंदूर कुठे ठेवला आहे? जुना, खरा शेंदूर म्हणजे शिशाचा तांबडा ऑक्साइड. औषधे व प्रसाधने कायद्याच्या नियमांत आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची जी यादी आहे, तिच्यात पारा आणि हरताळ या आर्सेनिकच्या खनिजाबरोबर शेंदराचेही नाव आहे. शेंदूर खाल्ला की गळा जातो, असे आपल्याकडे गायकांच्या घरी सांगत आले आहेत, आणि शिसे स्वरयंत्राच्या नसेलाही दुखावू शकते हे वैद्यकाला ठाऊक आहे. हळद-चुन्याचे घरगुती कुंकू वेगळे आणि शेंदूर वेगळा. तुपाच्या दिव्यावर धरलेले काजळही वेगळे आणि खनिजापासून केलेला सुरमा वेगळा, कारण त्या खनिजात शिसेच असते. शेंदराची पुडी मुलाच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी हलवा.

शरीरशुद्धीच्या नावाने केसांची तपासणी करून देणारे, पाय पाण्यात बुडवून विष निघाल्याचे दाखवणारे आणि आधी औषध पाजून मग लघवीतला धातू मोजणारे आता आपल्या शहरांतही आले आहेत. औषध पाजल्यावर निरोगी माणसाच्या लघवीतही धातू वाढतोच, त्यावरून काही सिद्ध होत नाही. विश्वास ठेवायचा तो शिरेतून काढलेल्या रक्ताच्या तपासणीवर.

अंगणातली जाई

तुम्हा सर्वांची उत्तरे मी काल रात्री चहा झाल्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. बंदरावरच्या दादांचे उत्तर वाचताना दीर उठून बाहेर गेले. मला वाटले रागावले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात बॅटरीचा दिवा होता आणि त्यांनी ओठ ओढून मला हिरड्या बघायला सांगितल्या. रेघ आहे की नाही हे मला कळले नाही, पण त्यांनी पहिल्यांदाच स्वतःहून विचारले होते.

हळद घरच्या शेतातली आहे, सासरे स्वतः दळून आणतात. पितळेची पातेली माळ्यावर ठेवली. शेंदराची डबी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, मुलाच्या अगदी उंचीला होती, ती काढली. आणि प्रयोगशाळेतल्या काकांनी विचारलेली भिंत, होय, ती शेडचीच भिंत आहे. आज सकाळी मी ओला पांढरा फडका घेऊन तिच्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर आणि मुलाच्या खाटेखाली फिरवला. भिंतीवरचा आणि कट्ट्यावरचा फडका पाटीवर पेन्सिल घासावी तसा करडा झाला. खाटेखालचाही झाला.

आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि माझ्या अंगावर काटा आला. मागचे अंगण आम्ही दर आठवड्याला शेणाने सारवतो आणि त्यासाठी लागणारी माती शेडच्या कडेच्या ढिगातून घेतो. वितळवल्यानंतरची राख त्याच ढिगावर टाकली जाते. मूल दिवसभर त्या अंगणात रांगले, बसले, जेवले. स्वच्छता म्हणून मी जे करत होते तेच त्याला घातक ठरत होते.

बालवैद्य

ताई, हा दोष स्वतःकडे घेऊ नका. तुम्हाला माहीत नव्हते, आणि माहीत होताच तुम्ही एका दिवसात उगम शोधलात.

आता सफाई करताना काळजी घ्या. कोरडा झाडू मुळीच नको, कारण त्याने बसलेली धूळ हवेत उडते. आधी मूल घराबाहेर, नातेवाइकांकडे पाठवा, मग पाणी शिंपडून, ओल्या फडक्याने पुसून काढा, आणि ते फडके पुन्हा वापरू नका. अंगणातली वरची माती काढून तिथे फरशी किंवा बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचा जाड थर घालावा लागेल. काढलेली माती ओढ्यात किंवा शेतात टाकू नका. ती पोत्यांत बांधून ठेवा आणि ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांना विचारून तिची सोय करा. शेडमधले कपडे घरात येता कामा नयेत. दिरांनी तिथेच आंघोळ करून, कपडे बदलून मग घरात यावे.

आणि एक प्रश्न विचारायचा राहिला होता, तो आता विचारतो. घरात कोणी गरोदर आहे का?

अंगणातली जाई

डॉक्टर, जाऊबाईंना पाचवा महिना सुरू आहे. दिरांचे कामाचे कपडे त्याच धुतात. हे मी पहिल्या प्रश्नात लिहायला हवे होते, पण मनात फक्त मुलाचा विचार होता.

बालवैद्य

त्यांचे रक्त उद्याच तपासायला पाठवा. अंगात गेलेले शिसे रक्तातून महिन्या-दोन महिन्यांत निम्मे होते, पण त्यातला मोठा भाग हाडांत जाऊन बसतो आणि तिथे वीस-तीस वर्षे राहतो. शरीराला ते कॅल्शियमसारखेच वाटते. गर्भाची हाडे घडवायला आईची हाडे कॅल्शियम सोडू लागतात तेव्हा त्याच्याबरोबर साठलेले शिसेही सुटते, आणि गर्भाला पोसणारी वार (प्लॅसेंटा) ते अडवत नाही. म्हणून गरोदर स्त्रीच्या रक्तात ५ किंवा अधिक शिसे असेल आणि आहारात कॅल्शियम कमी पडत असेल तर कॅल्शियम आणि लोह देण्याची शिफारस आहे. ते स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने सुरू करा. कपडे धुण्याचे आणि शेडजवळ जाण्याचे काम त्यांच्याकडून आजपासून पूर्ण बंद.

तुमचा तिसरा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. तो पूर्वीसारखा होईल का? खोटा धीर देणार नाही. सात अभ्यासांतल्या १३३३ मुलांची माहिती एकत्र करून २००५ मध्ये जे विश्लेषण झाले, त्यात रक्तातले शिसे २.४ वरून १० वर गेले की बुद्ध्यंक सरासरी ३.९ गुणांनी घटलेला दिसला, १० वरून २० वर गेले की आणखी १.९ गुणांनी. म्हणजे सर्वांत मोठा तडाखा पहिल्या टप्प्यातच बसतो, आणि तो किती भरून निघेल हे कोणी सांगू शकत नाही. पण हे सरासरीचे आकडे आहेत, तुमच्या मुलाचे भविष्य त्यांत लिहिलेले नाही. पोटाची कळ, बद्धकोष्ठ आणि पंडुरोग शिसे उतरताना बरे होतात. मेंदूच्या बाबतीत त्याच्याशी भरपूर बोलणे, गोष्टी सांगणे, त्याला खेळवणे आणि वेळेवर बोलण्याची चाचणी करून गरज असेल तर वाचा-उपचार सुरू करणे, यांचा उपयोग होतो. उगम आज बंद झाला तर तो शाळेत जाईपर्यंत हातात अडीच-तीन वर्षे आहेत.

अंगणातली जाई

अकरा आठवड्यांनी लिहिते आहे.

दिरांच्या रक्तात ५४ निघाले, जाऊबाईंच्या ९. मुलाच्या पोटाच्या एक्स-रेमध्ये तीन-चार पांढरे ठिपके दिसले होते, पोट साफ केल्यानंतरच्या एक्स-रेमध्ये ते गेले. पहिल्या फेरतपासणीत त्याचे शिसे २४ होते आणि परवाच्या तपासणीत १७ आले. हिमोग्लोबिन १०.१ आहे. शौचाला आता रोज होते.

दिरांनी बॅटऱ्या फोडणे आणि वितळवणे बंद केले आहे. रस्त्याकडेला गाळा भाड्याने घेऊन फक्त विक्री आणि चार्जिंग सुरू केले, जुन्या बॅटऱ्या आख्ख्याच परत जातात. उत्पन्न घटले आहे, हे खरे आहे, आणि त्यावरून घरात दोनदा वाद झाले. शेड पाडली, भिंत सिमेंटने लिंपली, अंगणात शहाबादी फरशी बसवली. सासूबाईंना सारवलेल्या अंगणाची फार आठवण येते, तुळशीभोवती तेवढे तरी सारवू द्या म्हणतात, म्हणून सासऱ्यांनी दुसऱ्या शिवारातून माती आणून दिली.

डॉक्टर, जाऊबाईंच्या बाळाचे रक्त जन्मानंतर केव्हा तपासायचे, आणि अंगावर दूध पाजण्याआधी त्यांचे स्वतःचे पुन्हा तपासावे लागेल का, तेवढे सांगाल? तारीख दोन महिन्यांवर आली आहे.

बालवैद्य

बाळाचे रक्त प्रसूतीच्या वेळी नाळेतूनच घेता येते, त्यासाठी बाळाला सुई टोचावी लागत नाही. मात्र ते रक्त ठेवायची नळी आधी मागवून ठेवावी लागते, म्हणून प्रसूती जिथे होणार आहे तिथे याच आठवड्यात सांगून ठेवा. जाऊबाईंचे रक्तही त्याच वेळी घ्यायला सांगा. त्यांच्या ९ या पातळीला दूध पाजायला हरकत नाही. आईचे शिसे ४० च्या पलीकडे गेल्याशिवाय दूध थांबवायला सांगत नाहीत. कॅल्शियम मात्र दूध पाजण्याच्या काळातही चालू ठेवा, कारण तेव्हाही हाडे झिजत असतात. दोन्ही अहवाल आले की इथे लिहा.